मूरवर पोरांना घेऊन जाताय? आधी पाय कुठे टाकायचा ते शिका

इंग्लंडात पहिल्यांदा मूरवर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या, झुडपाळ माळरानावर गेलेली मराठी कुटुंबं बहुतेक एकाच ठिकाणी फसतात, आणि त्यामागे असते सह्याद्रीतली सवय. आपल्याकडे पाणी खाली ओढ्याला, माथा कोरडा. जपायचं ते उतारावर. पठार आलं की पोरांना मोकळं सोडायचं. मूरवर याच्या उलट. उतार त्यातल्या त्यात कोरडा, आणि जमीन सपाट झाली की पायाखाली पाणी. ते वरून दिसत नाही, हीच खरी अडचण.

गेली कित्येक वर्षं मी शेफील्डहून पोरांना घेऊन जवळच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात चालते. भारतातून पाहुणे आले की त्यांनाही नेते. ‘वॉटरप्रूफ बूट घ्या आणि निघा’ एवढाच सल्ला सगळे देतात, आणि तो ऐकला की मला राग येतो. बुटानं पाय कोरडा राहतो, पण बूट रुतायचा थोडाच थांबतो!

वाट कुठली घ्यावी

पहिल्या वेळी ग्रिंडलफोर्ड स्टेशनवरून निघा. शेफील्डहून रेल्वेनं पाव तासाचा रस्ता. उतरल्यावर पोरांना फलाटाच्या टोकाशी बोगद्याचं तोंड दाखवा. तो टॉटली बोगदा, १८९३ साली सुरू झालेला, साडेपाच किलोमीटरहून लांब. तुम्ही आत्ता त्यातूनच आलात.

स्टेशनपासून पॅडली गॉर्ज या घळईतून वर, मग बरबेज ब्रूक या ओढ्याच्या काठानं लाँगशॉच्या कुरणात, पुढे मोठा रस्ता ओलांडून मूरवर कार्ल वार्क या जुन्या किल्ल्यापर्यंत, आणि त्याच वाटेनं परत. साधारण आठ किलोमीटर होतात. सात-आठ वर्षांचं पोर सोबत असेल तर खेळ, खाणं धरून पाच तास ठेवा. आजी-आजोबा असतील तर लाँगशॉपाशीच थांबा. तिथल्या वाटा रुंद आणि सपाट आहेत. ही जागा १९३१ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं, तेव्हा निघायची वेळ परतीवरून ठरवा. ऑगस्टात जमलं तर उत्तमच. हेदर नावाची बुटकी झुडपं फुलून सगळा मूर जांभळा झालेला असतो.

ओढ्याकाठी

घळईतली चढण सोपी आहे. ओकची मुळं वाटेवर आडवी आलेली आहेत आणि ओली असली की निसरडी होतात. त्यांच्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा.

वर कुरणात ओढा उथळ होतो, तिथे पोरांना खुशाल पाण्यात सोडा. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं दिसतं, ती घाण नाही. वरच्या पीट नावाच्या काळ्या मातीतून झिरपताना त्याला तो रंग येतो. प्यायचं मात्र नाही. रात्रभर जोराचा पाऊस झाला असेल तर घळईतल्या प्रवाहाजवळही पोरांना नेऊ नका.

लाँगशॉनंतरचा मोठा रस्ता हात धरूनच ओलांडा, गाड्या भरधाव येतात. पलीकडे टोड्स माउथ नावाचा बेडकाच्या तोंडासारखा मोठा दगड आहे, त्याला कोणीतरी डोळाही कोरलाय. तिथून मूर सुरू.

दलदल: इथे घाई नको

मूरवरची काळी माती म्हणजे पीट. स्फॅग्नम नावाचं शेवाळ आणि इतर वनस्पती पाण्यात पूर्ण कुजत नाहीत, थरावर थर साचत जातात. हा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे कमरेइतकं पीट तयार व्हायला हजार वर्षं लागतात. जिवंत शेवाळ स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतं. म्हणून पाऊस थांबून आठवडा झाला तरी मूर कोरडा होत नाही. ‘चार दिवस ऊन आहे, आता वाळलं असेल’ हा हिशोब आपल्या मुरुमाच्या वाटांना लागू पडतो, इथे नाही.

माझी चूक सांगते. कार्ल वार्कवरून उतरताना खाली ओढा समोर दिसत होता, वाट मात्र वळसा घेऊन जात होती. मी मधून निघाले. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा, पायात गमबूट. शंभरेक पावलांवर जमीन गादीसारखी हलायला लागली. त्याचे बूट भरतील म्हणून मी त्याला पाठीवर घेतलं आणि पुढच्याच पावलाला मांडीपर्यंत आत गेले. तो घाबरून गळ्याला घट्ट धरून बसला, मला वाकता येईना. शेवटी त्याला बाजूच्या हेदरच्या झुडपावर आडवा ठेवला, मग मागे रेलून एकेक पाय सोडवला. त्या धडपडीत त्याचा एक गमबूट गेला तो गेलाच. उरलेली वाट तो माझ्या हातमोज्यात पाय घालून चालला.

त्या दिवसापासून मी आधी जमिनीचा रंग बघते. पोरांनाही तेच शिकवलंय, आणि ती माझ्यापेक्षा लवकर ओळखतात.

जांभळट-तपकिरी हेदर किंवा बिलबेरीची झुडपं असतील तिथे जमीन बहुधा पाय धरते. बिलबेरी जुलै-ऑगस्टात पिकते आणि जांभळासारखी जीभ रंगवते, त्यामुळे हे झाड पोरं विसरत नाहीत. ब्रॅकन नावाचं कमरेएवढं नेचं कोरड्या जमिनीत वाढतं. पाय टाकायला ती जागा चांगली, पण गोचिड्याही तिथेच असतात.

लव्हाळा दिसला की थांबा. आपल्याकडे ओढ्याकाठी असतो तसाच गोल, गडद हिरव्या काड्यांचा. लव्हाळा आहे म्हणजे पाणी आहे. मे-जूनमध्ये कापसाची बोंडं फुटल्यासारखे पांढरे झुपके वाऱ्यावर हलताना दिसतात, ते कॉटनग्रास. फोटोसाठी पोरं नेमकी तिकडेच धावतात आणि तिथेच जमीन सर्वात ओली असते. सगळ्यात धोक्याचा रंग म्हणजे पोपटी. सपाट, मऊ, लॉनसारखा पोपटी तुकडा दिसला तर ते स्फॅग्नम. त्यावर पाय टाकायचा नाही, मोठ्यांनीही नाही.

ओला पट्टा आडवा आलाच तर आधी मागे फिरून चढाच्या बाजूनं वळसा मिळतो का ते बघा. बहुतेक वेळा मिळतो. पट्टा दोन-तीन पावलांचाच असेल आणि पलीकडची जमीन हेदरची असेल, तरच ओलांडायचा. मोठ्या माणसानं काठी खुपसून बघावं. काठी वीतभर जाऊन टणक लागली तर ठीक, हातभर गेली तर परत फिरा. गवताच्या ठोंबावर पाय द्यायचा तर मधोमध. कडेला दिला की ठोंब कलंडतो. उड्या मारायच्या नाहीत. पोराचा हात धरताना बोटं नव्हे, मनगट धरा. आणि कितीही रडलं तरी पोराला उचलून घेऊ नका. दोघांचं वजन दोनच पायांवर येतं आणि दोघंही आत जाता. पोर हलकं असतं, त्याचं त्याला चालू दिलं तर ते बऱ्याचदा तुम्ही रुतता तिथून सहज जातं.

पाय रुतलाच तर सरळ वर ओढायचा नाही. जितकं ओढाल तितकं खालून शोषून धरतं. मागे रेला, जमल्यास बसाच, म्हणजे वजन पसरतं. मग टाच हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. बुटाभोवती हवा-पाणी शिरलं की पकड सुटते. पोराचा पाय रुतला असेल तर पोराला खांद्याला धरून उपसू नका, हात खाली घालून बूट धरा.

म्हणूनच गमबूट नकोत, दुकानदार काहीही सांगो. ओढ्यासाठी ते छान, मूरवर मात्र पायातून निघून जातात. घोट्यापर्यंत येणारे लेसचे बूट घ्या, आणि माणशी दोन जोड लोकरी मोजे जादा ठेवा. जीन्स घरी.

एवढं सगळं सांगितल्यावर सोपा उपाय हा की वाट सोडू नका. जिथे दगडी फरशा टाकल्यात तिथे फरशीवरूनच चाला, ओली असली तरी. कडेनं चालणारे वाढले की वाट दर वर्षी रुंद होते आणि हजारो वर्षांचं पीट उघडं पडून वाहून जातं. मार्च ते जुलै आणखी जपा, कारण कर्ल्यूसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि ती गवतात दिसत नाहीत.

किल्ला, धुकं आणि परत

कार्ल वार्कला तीन बाजूंनी कडे आणि चौथीकडे प्राचीन दगडी तट आहे. मराठी पोरांना ‘किल्ला’ एवढं सांगितलं की पुरतं. डबा तिथेच उघडा.

ढग खाली यायला लागला आणि समोरचा हिगर टॉर हा खडकाळ माथा दिसेनासा झाला, तर जेवण अर्धवट ठेवून निघा. धुक्यात रंग ओळखता येत नाहीत, म्हणून मी या बाबतीत वाद घालत नाही. फोनवर रेषा दिसत असली तरी १:२५,००० चा कागदी नकाशा जवळ हवाच. थंडीत बॅटरी भराभर उतरते. अपघात झालाच तर ९९९ लावून आधी पोलीस आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू मागा. सिग्नल नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, मग पुन्हा सहा.

गाडीत बसण्याआधी मोजे बदला. घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचिड्या शोधा. सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते खोलीत वाळू द्या, रेडिएटरवर ठेवलेत तर चामडं तडकतं. बोळे रात्री एकदा बदलावे लागतात.