‘चुम’ की ‘चुर’: नवशिक्यांना जर्मनमध्ये रस्ता विचारायला शिकवताना

पहिल्या वर्षी केलेली चूक आधी सांगते, तुमचा एक आठवडा वाचेल. शहरातल्या ठिकाणांची ३२ नावं मी फळ्यावर लिहिली. मुलांनी ती सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली, पाठ केली, आणि शनिवारच्या चाचणीत बहुतेकांना तिसाच्या आसपास मार्क पडले. मी खूश. मग एकीला म्हटलं, आता मला स्टेशनचा रस्ता विचार बघू. ती म्हणाली, “बानहोफ?” आणि भुवया उंचावल्या. आपण रिक्षावाल्याला “स्वारगेट?” विचारतो ना, अगदी तसं. बत्तीस शब्द येत होते, वाक्य एकही नाही.

तेव्हापासून मी दहाच शब्द देते, आणि सुटा शब्द कधीच देत नाही. प्रत्येक ठिकाण ‘तिकडे कसं जाऊ’ या प्रश्नाला चिकटवूनच येतं: वी कोमं इश चुम बानहोफ? म्हणजे, स्टेशनला कसा जाऊ? जर्मन माणूस इथे ‘जाणे’ नाही, ‘येणे’ वापरतो, एवढं सांगायचं आणि पुढे सरकायचं. कारणं देत बसू नका.

या ‘चुम’मधला च चहातला नाही, चुलीतला आहे. चूल, चूक, चमचा. जर्मनचं झेड हे अक्षर म्हणजे हुबेहूब आपला हा च. हिंदीभाषक मुलांना तो घासून घ्यावा लागतो, आपल्या मुलांच्या तोंडात तो जन्मापासून बसलेला असतो. फक्त ते अक्षर बघून मुलं इंग्रजी ‘झ’ म्हणायला धावतात, म्हणून पहिल्या दिवशी मी फळ्यावर चूल काढते. चित्र वाईट येतं, पण लक्षात राहतं. तसंच शब्दाच्या शेवटचा ‘ए’: तो ‘केलं, गेलं’मधल्या अनुस्वारासारखा म्हणायचा. श्ट्रासं म्हणजे रस्ता, ब्र्युकं म्हणजे पूल.

आता लिंगाचं. डेर, डी, डास म्हणजे तो, ती, ते. तीन लिंगं आहेत हे ऐकून मराठी मुलगा दचकत नाही, ही आपली कमाई. पण लगेच इशारा द्यावा लागतो की यादी तीच नाही. आपला पूल ‘तो’, त्यांचा ‘ती’. आपला रस्ता ‘तो’, त्यांचा ‘ती’. स्टेशन आपल्याकडे ‘ते’, तिकडे ‘तो’. बँक आणि शाळा मात्र दोन्हीकडे ‘ती’, आणि एवढ्यावरून मुलं सगळीकडे मराठी लिंग लावून मोकळी होतात.

यातली एक सवलत मला फार उशिरा सुचली. ‘-कडे, -ला’ या अर्थाचा ‘चु’ लावला की डेर आणि डास या दोघांचंही ‘चुम’च होतं. फक्त ‘डी’चं ‘चुर’ होतं. म्हणजे रस्ता विचारायला तीन लिंगं लागतच नाहीत. ‘ती आहे की नाही’ एवढा एकच प्रश्न उरतो. मी पोळ्यांचे दोन डबे घेते आणि दहा चिठ्ठ्या. चुमच्या डब्यात बानहोफ म्हणजे स्टेशन, सुपरमार्क्ट, मार्क्टप्लाट्स म्हणजे बाजारचौक, राटहाउस म्हणजे नगरपालिकेची इमारत, आणि क्रांकनहाउस म्हणजे रुग्णालय. चुरच्या डब्यात आपोटेकं म्हणजे औषधाचं दुकान, पोस्ट, बांक म्हणजे बँक, किर्शं म्हणजे चर्च, आणि हाल्टंश्टेलं म्हणजे बसथांबा. चिठ्ठी काढायची, योग्य डब्यात टाकायची, टाकताना अख्खा प्रश्न मोठ्याने विचारायचा. पाच-सात मिनिटांचा खेळ, पण रोज.

कोणी विचारतंच, हे असं बदलतं का? तेव्हा ‘डाटिव्ह’ हे विभक्तीचं नाव काढू नका. ‘देऊळ’ला ‘च्या शेजारी’ लावून दाखवायला सांगा. “देऊळच्या शेजारी” कोणी म्हणत नाही, “देवळाच्या शेजारी” म्हणतो. आपल्याकडे नाम वाकतं, सामान्यरूप होतं. जर्मनमध्ये नाम ताठ राहतं आणि त्याच्या आधी येणारं डेर-डी-डास वाकतं. शाळेत सामान्यरूपावर मार्क गमावलेली मुलंसुद्धा हे ऐकून मान डोलावतात.

जोडशब्दांत शेवटच्या शब्दाचं लिंग चालतं, हेही आपल्याला परकं नाही. घोडा ‘तो’, पण घोडागाडी ‘ती’. हाउस ‘ते’, म्हणून राटहाउस ‘ते’ आणि क्रांकनहाउसही ‘ते’. क्रांक म्हणजे आजारी, तेव्हा आजाऱ्यांचं घर.

चर्चपाशी मात्र थांबा. किर्शं म्हणजे चर्च आणि किर्शं म्हणजेच चेरी, निदान देवनागरीत लिहिल्यावर. जर्मन कानाला हे दोन वेगळे आवाज आहेत. चेरीचा आपला साधा श. चर्चच्या वेळी ‘य’ म्हणायला ठेवतो तशी जीभ ठेवायची, आवाज बंद करायचा आणि नुसती हवा सोडायची, मांजर हळूच फिसकारल्यासारखी. ‘इश’ म्हणजे मी, आणि ‘रेश्ट्स’ म्हणजे उजवीकडे, यांतही हाच आवाज. म्हणून मुलांच्या वहीत देवनागरी उच्चार लिहू देऊ नका. मी इथे लिहितेय ते तुम्हाला सांगायला.

२०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून माझ्या वर्गात नर्सिंग केलेल्या मुली, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर यायला लागले. यांना पुस्तकातलं ‘क्ष नगर’ पटत नाही. खरं गाव द्या. माझं ठरलेलं गाव ग्योटिंगेन, कारण तिथे मी एक उन्हाळा काढलाय. शिवाय माझा वर्ग भरतो भांडारकर रस्त्याजवळ, आणि ज्यांचं नाव त्या रस्त्याला आहे त्या रा. गो. भांडारकरांना ग्योटिंगेन विद्यापीठाने १८८५ साली सन्माननीय डॉक्टरेट दिली होती.

वाट सोपी आहे. स्टेशनमधून गावाच्या बाजूला बाहेर पडा, समोरचा मोठा रस्ता ओलांडा आणि ‘ग्योटे-आले’ या रस्त्याने सरळ चालत राहा. पुढे तोच रस्ता प्रिन्चनश्ट्रासं होतो, आणि वेन्डर श्ट्रासंला मिळतो त्या नाक्याला गावकरी ‘नाबल’ म्हणतात. नाबल म्हणजे नाभी, बेंबी! वर्गात हमखास हशा पिकतो आणि नाका कायमचा लक्षात राहतो. तिथे उजवीकडे वळलं की दोन मिनिटांत बाजारचौक, जुनं राटहाउस आणि समोर कारंज्यावर हंसिणी घेतलेली मुलगी, गेन्झेलीझल. १९०१ पासून ती तिथे उभी आहे आणि डॉक्टरेट मिळवलेले लोक कारंज्यावर चढून तिचा मुका घेतात.

ही वाट मी हॉलच्या फरशीवर चिकटपट्टीने आखते. सोफा म्हणजे स्टेशन, टीपॉय म्हणजे राटहाउस, आणि पाण्याच्या पिंपावर कोणीतरी गेन्झेलीझल म्हणून बसतं. एक जण डोळे मिटून उभा, दुसरा वाट सांगणार. “गेहन झी गेराडंआउस.” याचा शब्दशः मराठी क्रम बघा: जा तुम्ही सरळ. आपण बोलतोच असं. आणि परक्या माणसाला ‘झी’ म्हणजे तुम्ही, हे मराठी मुलांना सांगावंही लागत नाही. सुरुवातीचं “एन्टशुल्डिगुंग” मी “अहो” म्हणून शिकवते. शब्दार्थ ‘माफ करा’ असला तरी रस्त्यावर त्याचं काम “अहो, जरा” एवढंच.

मागच्या तुकडीत सोलापूरकडचा एक मुलगा डोळे मिटून निघाला. वाट सांगणारी घाबरून उजवीकडेऐवजी “लिंक्स, लिंक्स” म्हणत राहिली. तो निमूटपणे डावीकडे वळत थेट स्वयंपाकघरात, सासूबाईंसमोर जाऊन उभा राहिला. डोळे मिटलेलेच. वर विचारतो, “एन्टशुल्डिगुंग, वी कोमं इश चुम मार्क्टप्लाट्स?” सासूबाईंनी त्याला खांद्याला धरून वळवलं आणि म्हणाल्या, “आलास तसा परत जा.” त्या मुलीने लिंक्स-रेश्ट्सची चूक पुन्हा केली नाही.

उत्तर ऐकणं हे विचारण्यापेक्षा अवघड. समोरचा भरभर बोलतो. मी मुलांना तीनच गोष्टी पकडायला लावते: कितवा रस्ता, कुठली बाजू, कुठली खूण. मग त्या त्यालाच परत ऐकवायच्या: “आल्झो, च्वाइटं श्ट्रासं लिंक्स?” म्हणजे, तर मग, दुसरा रस्ता डावीकडे? चुकलं असेल तर तो सांगतोच. नाहीच कळलं तर “लांगझाम, बिटं”, हळू, प्लीज.

आपोटेकंवर पाच मिनिटं जास्त घालवा. ग्योटिंगेनला मला ताप आला तेव्हा मी ‘ड्रोगेरी’ अशी पाटी बघून आत शिरले. ड्रग्ज म्हणजे औषधं, असा माझा हिशेब. तिथे शांपू, साबण, डायपर, सगळं होतं, पॅरासिटामॉल नव्हती. ती आपोटेकंतच मिळते, आणि आपोटेकंची खूण म्हणजे मोठा लाल ए. मी हा ए लाल खडूने काढते. असाच दुसरा खड्डा ‘गिम्नाझिउम’: ती व्यायामशाळा नव्हे, माध्यमिक शाळा. डंबेल शोधत तिथे जाऊ नये.

एक गोष्ट मात्र या आठवड्यात मुळीच काढू नका. आपण “शाळेत आहे” आणि “शाळेत जातो” दोन्हीकडे ‘त’च लावतो. “पुण्याला राहतो, पुण्याला जातो” यातही फरक नाही. जर्मनला हा फरक हवा असतो: आहे तेव्हा ‘इन डेर शूलं’, जातो तेव्हा ‘इन डी शूलं’. मराठी मुलांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो, कारण आपल्याला तो फरक कधी करावाच लागलेला नसतो. ‘चु’ला ही भानगड नाही, म्हणून आधी ‘चु’ पक्का होऊ दे, मग पंधरा दिवसांनी याला हात घाला.

चिकटपट्टी तिसऱ्या दिवशी काढा. आठवडाभर राहिली तर फरशी सोडत नाही, आणि मग डाग घालवायला खोबरेल तेल घेऊन बसावं लागतं.