वेबव्ह्यूमधला व्हिडिओ फुल स्क्रीन होत नव्हता: अँड्रॉइडवरचा माझा अनुभव

ॲपमधल्या वेबव्ह्यूत (ॲपच्या आत वेबपान दाखवणारा भाग) आयफ्रेमने (पानात दुसरं पान बसवणारा एचटीएमएल टॅग) लावलेला व्हिडिओ चालतो, आवाज येतो, पण फुल स्क्रीनचं बटण दाबलं तरी ढिम्म. तीच लिंक क्रोममध्ये व्यवस्थित. जावास्क्रिप्ट चालू होती, हार्डवेअर ॲक्सिलरेशन तपासलं, आयफ्रेमला फुल स्क्रीनची परवानगी देणारं 'अलाउफुलस्क्रीन' जोडलं (ते राहू द्या, लागतंच), फरक शून्य. अक्षरशः वैताग आला.

मोठा व्हिडिओ कुठे दाखवायचा हे वेबव्ह्यू ॲपला विचारतो. उत्तर देणारं कोणी नसेल तर बटण बंद.

म्हणून आधी वेबव्ह्यूला स्वतःचा वेबक्रोमक्लायंट द्या, म्हणजे अशा प्रश्नांना ॲपच्या वतीने उत्तर देणारा क्लास. वेबव्ह्यूक्लायंट या दुसऱ्या क्लासने हे काम होत नाही, नावं सारखी असल्याने इथेच घोळ होतो. वेबक्रोमक्लायंटमध्ये फुल स्क्रीन सुरू होताना चालणारं 'ऑनशोकस्टमव्ह्यू' हे फंक्शन लिहा: मिळालेला व्ह्यू (मोठा व्हिडिओ) आणि कॉलबॅक (पानाला उलट कळवायचं साधन) जपून ठेवा, व्ह्यू पूर्ण आकाराच्या फ्रेमलेआउटमध्ये (व्ह्यू ठेवायची चौकट) घाला, मग वेबव्ह्यू लपवा. फुल स्क्रीन संपताना चालणाऱ्या 'ऑनहाइडकस्टमव्ह्यू'मध्ये तो व्ह्यू काढून वेबव्ह्यू परत दाखवा. बॅक दाबल्यावर कॉलबॅकचं 'ऑनकस्टमव्ह्यूहिडन' बोलवा, नाहीतर पानाला आपण अजून फुल स्क्रीनमध्येच आहोत असं वाटतं.

शेवटी मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती देणारी फाइल) त्या ॲक्टिव्हिटीच्या (वेबव्ह्यू असलेली ॲपची स्क्रीन) 'कॉन्फिगचेंजेस'मध्ये ओरिएंटेशन आणि स्क्रीनसाइझ दोन्ही लिहा. एकच लिहिलं तर फोन आडवा करताच ॲक्टिव्हिटी नव्याने बनते आणि व्हिडिओ पहिल्यापासून सुरू होतो.