झूम केल्यावर मांडणी विस्कटते ती का, आणि कशी सावरायची

फोंड्याजवळच्या कुळागरातल्या एखाद्या होमस्टेचे संकेतस्थळ घ्या. वर फोटो, खाली खोल्यांची चार कार्डे, मग जेवणाचे दर. लॅपटॉपवर १०० टक्क्यांना सगळे नेटके. चष्म्याचा पाहुणा झूम १५० टक्के करतो आणि कार्डे एकमेकांना चिकटतात, ‘सुंगटांचे हुमण’ (कोळंबीची आमटी) हे नाव चौकटीबाहेर सांडते.

ब्राउझरच्या लेखी झूम वाढवणे म्हणजे खिडकी अरुंद होणे. १३६६ पिक्सेलची खिडकी १५० टक्क्यांना ९११ ची उरते, २०० ला ६८३ ची. मीडिया क्वेरीही (खिडकीच्या रुंदीनुसार मांडणी बदलणारे सीएसएसचे नियम; सीएसएस म्हणजे पानाचे रूप ठरवणारी भाषा) याच आकड्यांवर चालतात. त्यामुळे झूमसाठी वेगळी मांडणी लिहावी लागत नाही. अरुंद पडद्याची नीट लिहिली की पुरते. (मोबाइलवर चिमटीने केलेले झूम निराळे. त्यात पान नुसते जवळ येते, मांडणी हलत नाही.)

व्ह्यूपोर्टच्या (पान दिसते त्या चौकटीच्या) मेटा टॅगमध्ये, म्हणजे एचटीएमएलमधल्या ब्राउझरसाठीच्या सूचनेत, रुंदी ‘डिव्हाइस-विड्थ’ आणि ‘इनिशियल-स्केल’ १ ठेवा. झूम बंद करणारे ‘युझर-स्केलेबल’ तिथे दिसले तर काढून टाका. सगळ्या घटकांना बॉर्डर-बॉक्स (पॅडिंग आणि कड रुंदीतच धरणारे मोजमाप) लावा, नाहीतर पॅडिंग (कडेच्या आतली मोकळी जागा) रुंदीत भर घालत राहते.

आता अंतरांची मोजपट्टी. ०.५, १, १.५, २ आणि ३ रेम (पानाच्या मूळ अक्षर-आकारावर बेतलेले एकक) हे पाच आकडे रूटमध्ये (सगळ्या पानाला लागू होणाऱ्या नियमात) व्हेरिएबल म्हणून लिहा आणि पानभर तेच वापरा. १ रेम एरवी १६ पिक्सेल. पण वाचकाने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठे केले की रेम वाढतो, पिक्सेल वाढत नाही. मध्येच १३ पिक्सेल टाकावेसे वाटले, तर चूक बहुधा दुसरीकडे असते.

खरी गोम व्हीडब्ल्यूची (१ व्हीडब्ल्यू म्हणजे खिडकीच्या रुंदीचा शंभरावा भाग). अंतर नुसते २.५ व्हीडब्ल्यू ठेवले तर झूम कितीही करा, पडद्यावर ते तेवढेच राहते. अक्षरे दुप्पट होतात, मोकळी जागा नाही, आणि पान कोंदटते. म्हणून क्लॅम्प (किमान आणि कमाल मर्यादेत आकडा ठेवणारे फंक्शन) वापरा: किमान १ रेम, मधले ०.५ रेम अधिक २ व्हीडब्ल्यू, कमाल २.५ रेम. रेमचा भाग झूमबरोबर वाढतो. रुंदीला १०० व्हीडब्ल्यू देऊ नका. अनेक ब्राउझरांत त्यात उभ्या स्क्रोलबारची जागाही धरली जाते आणि पान आडवे सरकू लागते. १०० टक्के द्या.

कार्डांमधले अंतर मार्जिनने (घटकाबाहेरच्या मोकळ्या जागेने) नको, ग्रिडच्या (रांगा-स्तंभांच्या मांडणीच्या) गॅपने द्या. साध्या ब्लॉक मांडणीत वरखालचे मार्जिन एकमेकांत मिसळतात, गॅप मिसळत नाही. स्तंभ ऑटो-फिटने (मावतील तितके स्तंभ आपोआप बसवणाऱ्या सोयीने), किमान रुंदी १६ रेम आणि १०० टक्के यांतली लहान ती. मग ४, ३, २, १ अशी कार्डे आपोआप उतरतात.

देवनागरीची काळजी इंग्रजी टेम्प्लेट घेत नाहीत. लाइन-हाइट (ओळीची उंची) एककाशिवाय १.६ च्या आसपास ठेवा. बटणाला ठरावीक उंची देऊ नका, पॅडिंग द्या. नाहीतर वेलांट्या आणि उकार कापले जातात. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधले अंतर) शून्यच बरे, वाढवले तर शिरोरेषा तुटते.

तपासताना ६७, ११०, १५०, २०० आणि ४०० टक्के बघा. १२८० पिक्सेलची खिडकी ४०० टक्क्यांना ३२० ची होते. तिथे आडवा स्क्रोल आला तर सगळ्या घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन (भोवतीची रेघ) लावा. आउटलाइन जागा खात नाही, त्यामुळे मांडणी न हलता बाहेर डोकावणारा घटक सापडतो. बहुतेक वेळा तो मॅक्स-विड्थ (कमाल रुंदी) नसलेला फोटो असतो.