रेल्वेमार्गाची मागणी: ठरावाच्या पुढे काय?
रेल्वेमार्गासाठी नगरपालिकेचा नुसता ठराव पाठवून भागत नाही. सोबत गावनिहाय प्रवासीसंख्या आणि एसटीच्या फेऱ्या जोडा. मग राज्याच्या वाट्याची लेखी हमी मिळवा. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किमी मार्गाचा निम्मा खर्च राज्याकडे आहे. राज्याचा हप्ता थकला की भूसंपादन अडतं आणि खर्च फुगतो. केंद्राची तरतूद पिंक बुकात, म्हणजे रेल्वेच्या अर्थसंकल्पातल्या कामनिहाय यादीत पाहा. मार्गाच्या नावापुढे टोकन, म्हणजे नुसते नावापुरते हजार रुपये दिसले तर पेढे वाटायची घाई नको.

नगरपालिकेच्या हातातलं खरं काम म्हणजे स्थानकाचा पोचरस्ता नि बसथांबा विकास आराखड्यात आरक्षित करणं. आराखडा आधीच मंजूर असेल तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल करा. हरकतींना एक महिना द्यावा लागतो. उशीर केलात तर त्याच जागेवर गाळे उभे राहतात.