जुन्या मर्सिडीजचं इंजिन बदलताय? आधी या चुका टाळा

१९९५ पासून पिंपरीत जुळणी झालेल्या डब्ल्यू-१२४ मालिकेतल्या मर्सिडीज आता तिशीला आल्यात. त्यातली ई-२५० डी हौसेने घेतलेला माणूस वर्षभरात हमखास विचारतो, ‘इंजिनच बदलून टाकू का?’ बहुतेक वेळा त्याची गरज नसते. ओतीव लोखंडी ब्लॉकचं हे पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन फार चिवट आहे. कुजतं ते त्याच्या आजूबाजूचं रबर, नळ्या आणि वायरी.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे लक्षण बघून थेट इंजिनावर खापर फोडणं. उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरतं? आधी इंजिनाची फाउंडेशन, म्हणजे ते ज्यावर टेकतं ती रबरं बघा, ती दबलेली असतात. सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो? पाचही ग्लो प्लग, म्हणजे सुरू करताना इंजिन आतून तापवणाऱ्या कांड्या तपासा. या इंजिनात डिझेल आधी छोट्या पूर्वकक्षात पेटतं, त्यामुळे दोन प्लग गेले तरी थंडीत रडारड होते. किल्ली काढली तरी इंजिन चालूच राहतं, हे तर या गाडीचं खास दुखणं. ते बंद होतं व्हॅक्यूमने, म्हणजे नळीतून हवा ओढून. कुठेतरी नळी चिरलेली असते, नाहीतर बंद करणारा डायफ्रॅम, म्हणजे पातळ रबरी पडदा, फाटलेला. माझ्या गाडीसाठी एका गॅरेजने थेट डिझेल पंप खोलायला घेतला होता. दोष निघाला बोटभर रबरी नळीत!

पेट्रोल ई-२२० मिसिंग मारत, म्हणजे झटके देत असेल तर वायरिंग हार्नेस, म्हणजे इंजिनावरच्या वायरींचा जुडगा सोलून बघा. त्या काळातल्या वायरींचं आवरण उष्णतेने बिस्किटासारखं भुगा होतं. जुन्या बाजारातून त्याच वयाचं इंजिन त्याच्याच हार्नेससकट आणलंत, तर दुखणंही सोबत घरी येतं.

गाडी तापते, हे ऐकून हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवायची घाई नको. सिग्नलला तापते आणि हायवेला निवते, तर संशय पंख्यावर किंवा त्याच्या क्लचवर. उलट वेगात तापत असेल तर रेडिएटर गाळाने बुजलेला असू शकतो. आणि कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतणाऱ्या मेस्त्रीला हात जोडा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, साध्या पाण्याने ते आतून खाल्लं जातं.

एवढं झाल्यावर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब मोजा, आकडे लिहून घ्या. शेजारच्या दोनच सिलिंडरांत कमी असेल तर बहुधा हेडखालची गॅस्केट गेलेली असते, हेडच्या कामात भागतं. सगळीकडे सारखंच घसरलेलं असेल आणि ऑइलही पीत असेल, तरच इंजिन पूर्ण उघडायचं किंवा बदलायचं बोला.

नवीन पिढीच्या गाड्यांत वेगळी गंमत आहे. २००७ नंतरच्या बीएमडब्ल्यूच्या एन-४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी, मागच्या, गिअरबॉक्सकडच्या बाजूला आहे, म्हणून इंजिन गाडीत असताना तिथे हात पोहोचणं कठीण. चेन खडखडली म्हणून तसलंच दुसरं जुनं इंजिन बसवायचं आणि तेही त्याची चेन न बदलता, हा वेडेपणा लोक खरंच करतात. शिवाय या गाड्यांत किल्ली आणि कॉम्प्युटर एकमेकांना ओळखतात, म्हणून व्यवहाराआधीच कोडिंग, म्हणजे त्यांची नव्याने ओळख करून देण्याचं काम, कोण करणार ते ठरवा.

कागद मात्र विसरू नका. इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघता, आधी आरटीओची परवानगी घेऊन मगच इंजिन बदलायचं. मर्सिडीजमध्ये भलत्याच कंपनीचं डिझेल इंजिन बसवायचा बेत तर सोडूनच द्या. विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं बिल घ्या आणि ब्लॉकवरचा नंबर स्वतः टॉर्च मारून वाचा. घासलेला दिसला तर तिथूनच परत फिरा.

आणि इंजिन बाहेर आहे तोवर क्रँकचं मागचं सील (फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणारं रबरी कडं), फाउंडेशन आणि सगळे होज नवे घालून घ्या. ते सील नंतर गळलं, तर त्या एवढ्याशा रबरासाठी गिअरबॉक्स पुन्हा खाली येतो.