बर्फात सामना पाहायला निघताय? या चुका टाळा

मैदान पांढरं दिसलं की सामना बुडाला, लख्ख ऊन पडलं की सामना होणार, असा हिशेब मांडून काही जण घरी बसतात आणि काही जण निघतात. दोघेही फसतात. चार-पाच सेंटिमीटर भुसभुशीत बर्फ पुरेशी माणसं असली तर फावड्यांनी बाजूला करता येतो. रेषा मोकळ्या केल्या आणि नारिंगी चेंडू घेतला की फुटबॉल खेळताही येतो. पंच सामना थांबवतात तो बहुतेकदा खालच्या जमिनीमुळे. जमीन गोठली की बुटांच्या तळाचे खुंट, म्हणजे स्टड, रुतत नाहीत आणि पडणाऱ्याचं डोकं थेट सिमेंटवर आपटावं तसं आपटतं. ढग नसलेल्या रात्री जमिनीतली ऊब वर निघून जाते, म्हणून सकाळचं निरभ्र आकाश पाहून खूश होण्यात अर्थ नाही. अंदाज बघताना बर्फ किती पडणार याआधी रात्रीचं तापमान किती उतरणार ते बघा.

मैदान राखणाऱ्यांची घाई

छोट्या क्लबांत उत्साही मंडळी आदल्या संध्याकाळीच बर्फ उपसून मैदान हिरवंगार करतात. दिसायला छान, पण त्या बर्फात अडकलेली हवा जमिनीला थंडीपासून वाचवत असते. तो काढला की रात्रीचा गारठा थेट गवताच्या मुळांशी पोहोचतो आणि सकाळी मैदान दगड झालेलं असतं. रात्र कडक असेल तर बर्फ राहू द्यावा आणि सामन्याच्या दिवशी काढावा. ताडपत्रीचं नेमकं उलटं आहे. ती जमीन गोठण्याआधी घालायची असते. गोठल्यावर घातली तर गारठा आत कोंडून राहतो. आणि रस्त्यावर टाकायचं मीठ मैदानावर कुणी टाकत असेल तर त्याचा हात धरा. बर्फ वितळेल, पण गवतही मरेल.

मोठ्या क्लबांकडे गवताखाली तापवणाऱ्या नळ्या असतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तर तशी सोय सक्तीचीच आहे. तिथेही चूक होते ती वेळेची. माती सावकाश तापते, त्यामुळे बर्फ पडायला लागल्यावर यंत्रणा सुरू करून काही होत नाही. अंदाज आला की सुरू करायची. शिवाय वितळलेलं पाणी जाणार कुठे, हा प्रश्न उरतोच. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर एव्हर्टन क्लबने 1958 मध्ये गवताखाली विजेच्या तारा टाकल्या. बर्फ अपेक्षेपेक्षा जास्तच वितळला, पाण्याचा निचरा होईना, आणि 1960 मध्ये निचऱ्यासाठी अख्खं मैदान पुन्हा उकरावं लागलं.

‘मैदान तयार आहे, मग रद्द का केला?’

सामना रद्द झाल्यावर सर्वात जास्त शिव्या याच मुद्द्यावर पडतात, आणि त्या बहुतेकदा अन्यायाच्या असतात. गवत तयार असतं, पण स्टेडियमच्या पायऱ्या निसरड्या असतात, पार्किंगमध्ये चाकं फिरत नाहीत, रुग्णवाहिकेला वाट नसते. हजारो माणसं अंधारात त्याच वाटेने परतणार असतात. निर्णय घेताना हे सगळं बघावं लागतं.

छप्पर असलं म्हणजे सुटलो, असंही नाही. डिसेंबर 2010 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा वायकिंग्ज आणि न्यूयॉर्क जायंट्स यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना मिनियापोलिसच्या मेट्रोडोममध्ये, म्हणजे बंदिस्त स्टेडियममध्ये होता. हिमवादळामुळे जायंट्सचं विमान कॅन्सस सिटीकडे वळवावं लागलं आणि रविवारचा सामना सोमवारवर गेला. रविवारी पहाटे हवेच्या दाबावर तोललेलं कापडी छप्पर बर्फाच्या भाराने फाटून खाली आलं. शेवटी सामना डेट्रॉइटला झाला. छप्पर पडण्याआधीच वेळापत्रक कोलमडलं होतं, आणि ते प्रवासामुळे, हे विसरू नका.

नव्या तारखेचा घोळ

सामना ‘पुढे ढकलला’ आणि ‘मध्येच सोडून दिला’ यांत तिकिटाच्या दृष्टीने मोठा फरक असतो. पुढे ढकलला तर तेच तिकीट साधारणपणे नव्या तारखेला चालतं. मध्येच थांबला तर स्पर्धेचे आणि क्लबचे नियम वाचावे लागतात. फुटबॉलच्या मूळ नियमाप्रमाणे अर्धवट सुटलेला सामना पुन्हा खेळवतात, पण स्पर्धेला स्वतःचा वेगळा नियम करता येतो. रेल्वे आणि हॉटेलला मात्र तुमच्या सामन्याशी देणंघेणं नसतं. बदलता येणारं तिकीट थोडं महाग पडतं. जानेवारीत तरी ते घ्याच.

नवी तारीख लगेच पुढच्या आठवड्यात मिळेल, हाही भ्रम आहे. 1962-63 च्या हिवाळ्यात ब्रिटन इतकं गोठलं होतं की एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेची तिसरी फेरी संपायला 66 दिवस लागले. सामने होईनात म्हणून निकालांवर पैज लावण्याचा धंदा अडला, तेव्हा मुख्यतः माजी खेळाडूंची एक समिती बसवून न झालेल्या सामन्यांचे निकाल ‘ठरवले’ जाऊ लागले. म्हणजे सामना झाला नाही, तरी त्यावर पैसे मात्र हरता येत होते!

प्रवासातल्या चुका

पहिली चूक म्हणजे फक्त स्टेडियमच्या शहराचा अंदाज बघणे. वाटेत काय आहे ते बघा. अमेरिकेत ईरी सरोवराकाठच्या बफेलो शहरात सरोवरावरून येणारा बर्फाचा पट्टा इतका अरुंद असतो की एका भागात माणूस बुडेल एवढा थर साचतो आणि काही किलोमीटरवर जेमतेम शिंतोडे पडतात. नोव्हेंबर 2014 मध्ये तिथला बफेलो बिल्स आणि न्यूयॉर्क जेट्सचा सामना डेट्रॉइटला न्यावा लागला.

विमान कंपनीने रद्द करण्याआधी घाबरून आपणच तिकीट रद्द करणे ही दुसरी चूक. युरोपीय संघाच्या नियमानुसार खराब हवामानामुळे उड्डाण रद्द झालं तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे किंवा पर्यायी प्रवास, आणि ताटकळताना जेवण व गरज पडल्यास मुक्कामाची सोय हा हक्क राहतो. स्वतः रद्द केलंत तर तो गेला.

तिसरी चूक संघांची आणि आयोजकांची: ‘काहीही करून पोहोचायचंच’. 6 फेब्रुवारी 1958 रोजी बेलग्रेडहून परतणारा मँचेस्टर युनायटेडचा संघ म्युनिकमध्ये इंधनासाठी थांबला होता. शनिवारी लीगचा सामना होता. दोनदा उड्डाण सोडून द्यावं लागलं. तिसऱ्या प्रयत्नात धावपट्टीवरच्या चिखलासारख्या अर्धवट वितळलेल्या बर्फाने विमानाचा वेग खाल्ला आणि ते धावपट्टीपलीकडे जाऊन आदळलं. 23 जण गेले, त्यांत 8 खेळाडू होते. दोष आधी वैमानिकावर ठेवला गेला. ब्रिटिश चौकशीत तो निर्दोष ठरायला 1969 उजाडलं. बसचा चालक किंवा पंच ‘नको’ म्हणत असेल, तर त्याच्याशी वाद घालू नका.

आता गाडी. पडलेला बर्फ दिसतो म्हणून आपण जपून चालवतो. डांबरावरचा ब्लॅक आइस हा पातळ, पारदर्शक थर ओल्या रस्त्यासारखाच दिसतो. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही थंड हवा लागते. बर्फाळ रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकतं, असं ब्रिटनची वाहतूक नियमावली सांगते. गाडी घसरली की दचकून ब्रेक दाबला जातो. त्याऐवजी पाय अॅक्सिलरेटरवरून काढा आणि जायचंय त्या दिशेला स्टिअरिंग हलकेच वळवा.

अडकलातच तर गाडी सोडून बर्फात चालत सुटू नका. ऊब मिळावी म्हणून इंजिन सुरू करण्याआधी मागे जाऊन धुराच्या नळीभोवतालचा बर्फ काढा. नळी बुजली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. इंजिन सतत चालू न ठेवता थोडा थोडा वेळ चालवा, काच बोटभर उघडी ठेवा, आणि बर्फ पडत असेल तर प्रत्येक वेळी नळी पुन्हा बघा. फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. गारठ्यात बॅटरी लवकर उतरते.