उंबर फोडा, केंबरं काढा

नसत्या चौकशा करणाऱ्याला आपल्याकडे सांगतात, उंबर फोडून केंबरं, म्हणजे आतले बारीक किडे, काढू नयेत. नववीच्या वर्गात मी नेमकं तेच करते. परजीवी, सहजीवन, कळीची प्रजाती या तिन्ही गोष्टी एका उंबरात बसतात, आणि व्याख्या फळ्यावर लिहायच्या आधी मुलांनी त्या डोळ्यांनी पाहिलेल्या असतात.

तयारी आदल्या दिवशीची. पुण्यात उंबर शोधावा लागत नाही: मुठेचा काठ, जुन्या वाड्याचं अंगण, दत्ताच्या देवळाचा पार. पाराचं झाड असेल तर आधी विचारा. मी एकदा न विचारता फळं तोडली आणि भर रस्त्यात बोलणी खाल्ली. चूक माझीच होती. तीन प्रकारची फळं घ्या: हिरवी कडक, जराशी पिवळट होऊन मऊ पडू लागलेली आणि लाल पिकलेली. मधल्या प्रकारातली सात-आठ काचेच्या बरणीत टाकून तोंडाला मलमलचं फडकं रबरबँडनं घट्ट बांधा. मलमलच हवी. पहिल्या वर्षी मी मच्छरदाणीचा तुकडा बांधला होता. सकाळी बरणी रिकामी, आणि केंबरं स्टाफरूमच्या ट्यूबलाइटभोवती! ती माणसाला डसत नाहीत, हे सहकाऱ्यांना पटवण्यात माझा पहिला तास गेला.

वर्गात आधी कडक फळ उभं चिरा. मुलांना भिंग द्या आणि गप्प बसा. कुणीतरी म्हणतंच, "बाई, आत बिया नाहीत, फुलं आहेत!" फार दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो ते इथे सांगायचं. फुलं दुर्मीळ नाहीत, शेकड्यांनी आहेत, फक्त घराच्या आत आहेत. मग आत परागकण नेतं कोण?

आता बरणी फिरवा. दोनेक मिलिमीटरच्या त्या गांधीलमाश्यांच्या चुलतबहिणी आहेत. मादी फळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून आत घुसते, त्या रेटारेटीत तिचे पंख बहुधा तुटतात. आत ती परागकण टाकते आणि काही फुलांमध्ये अंडी घालते. बाहेर ती येत नाही, आतच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी निघतात. त्यांना पंख नसतात. माद्यांशी मिलन करून ते बाहेर जायला बोगदा कोरतात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे उडतात.

इथे घाई करू नका. "झाडाचा तोटा काय?" असं विचारा. ज्या फुलात अंडं, त्या फुलाची बी गेली. म्हणजे झाड भाडं भरतंय. सहजीवन म्हणजे गळ्यात गळे घालून बसलेले दोन मित्र, हे चित्र मला पुसायचं असतं. हा चोख हिशेबाचा व्यवहार आहे.

बरणीत नीट पाहिलं तर एखादीच्या मागे केसासारखी लांब सोंड दिसते. तो अंडी घालायचा अवयव. ही बाई फळात शिरतच नाही. बाहेरूनच साल भोसकून आत अंडी घालते आणि पराग मात्र आणत नाही. मुलं तिला लगेच "फुकटी" म्हणतात. परजीवी हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिते.

परजीवी म्हटलं की वर्गात आधी जंतांवर हशा होतो. होऊ द्या, फेब्रुवारीतली जंतनाशकाची गोळी सगळ्यांनी चघळलेली असते. मग टेकडीवर न्या. आंब्यावरचं बांडगूळ दाखवा आणि पानं हिरवी का, हे विचारा. ते अन्न स्वतः तयार करतं, पाणी आणि क्षार मात्र आंब्याचे पितं. अमरवेलीला पानंच नाहीत, ती सगळंच ओढते. आणि माझा आवडता धक्का चंदनाचा. "चंदनासारखं झिजावं" असं ज्याच्याबद्दल आपण निबंधात लिहितो, ते झाड जमिनीखाली शेजाऱ्यांच्या मुळांना आपली मुळं चिकटवून त्यांचा रस घेतं. म्हणून चंदन लावणारे शेतकरी रोपाशेजारी तूर पेरतात. एका मुलीनं हे ऐकून तोंडावर हात ठेवला होता. परजीवी म्हणजे दुष्ट, हा समज मोडायला चंदनाइतकं कामाचं उदाहरण मला सापडलेलं नाही.

गृहपाठ एकच: आजी-आजोबांना नारूबद्दल विचारून या. पाण्यातल्या सूक्ष्म जिवातून माणसात शिरणारा हा कृमी वर्षभरानं पायाच्या कातडीतून बाहेर येई. एका मुलाचे आजोबा स्वतःच वर्गात आले, पोटरीवरचा व्रण दाखवला आणि कृमी काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा कसा ओढायचे ते हातानं करून दाखवलं. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 साली सापडला. 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. मोठा वाटा होता पाणी फडक्यातून गाळण्याचा.

सहजीवनाची बाकी उदाहरणं मी पटकन उरकते: मेथीच्या जुडीच्या मुळांवरच्या गाठी, झाडावरच्या दगडफुलावर पाणी मारून उमटणारा शैवालाचा हिरवा रंग. घरी करून बघण्यासारखी आहेत.

कळीच्या प्रजातीसाठी साबणाच्या वड्या पाचरीसारख्या कापून डब्यावर कमान रचा. डबा हळूच काढा, कमान उभी राहते. मधली, कळीची वडी काढली की कोसळते. मागे बसणारा एक हमखास म्हणतो, कुठलीही वडी काढली तरी कोसळेल. बरोबर आहे, उपमा लंगडी आहे, तसं मान्य करा आणि रॉबर्ट पेन या अमेरिकी परिसरशास्त्रज्ञाची गोष्ट सांगा. 1963 पासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खडकाळ पट्ट्यातून तो तारामासे उचलून समुद्रात फेकत राहिला. शिंपल्यांनी खडक बळकावला आणि तिथल्या 15 प्रजातींच्या 8 झाल्या. संख्येनं थोडे, पण ज्यांच्या जाण्यानं घडी विस्कटते, त्यांना 1969 मध्ये त्यानं कळीची प्रजाती हे नाव दिलं.

उंबर कळीचा का? तो वर्षात अनेकदा फळतो, इतर झाडं रिकामी असतानाही. पेरूच्या जंगलातल्या अभ्यासावरून 1986 मध्ये जीवशास्त्रज्ञ जॉन टेरबर्ग यांनी उंबराच्या भाईबंदांना हा मान दिला. आफ्रिकेतल्या गॅबनमध्ये मात्र ते तसं दिसलं नाही. मी दोन्ही सांगते. मग "आपल्या पुण्याच्या उंबराचं काय, बाई?" हा प्रश्न येतो, आणि मला तोच हवा असतो. आठवडाभर सकाळी सात ते साडेसात झाडाखाली उभं राहायचं आणि फळ खाणाऱ्याची नोंद करायची. मागच्या यादीत तांबट, बुलबुल, कोकीळ, खारी होत्या, आणि एका वहीत शेवटी, नीट रकाना आखून: "शेजारचे काका, दोन फळं, न धुता."